२२ नोव्हेंबर १८७१ : मांडवीकाठची कलासंस्था

पणजीत 'इन्स्टिट्यूट वास्को द गामा' ही साहित्य, विज्ञान आणि कला यांना वाहिलेली संस्था या दिवशी स्थापन झाली. तारीख मुद्दाम निवडलेली. १४९७ साली याच दिवशी गामाच्या जहाजांनी केप ऑफ गुड होपला वळसा घातला होता. पुढाकार होता पोर्तुगीज कवी आणि सरकारी अधिकारी टोमास रिबेरो यांचा.

संस्थेची आजची वास्तू मांडवीकाठी, आझाद मैदानाला लागून आहे. आत शिरताच भिंतीभर निळ्या-पांढऱ्या आझुलेजो फरशा दिसतात. जॉर्ज कोलासो यांनी त्यांवर कामोंइश या कवीच्या, गामाच्या सफरीवरच्या 'लुसियाड्स' महाकाव्यातले प्रसंग रंगवले आहेत. काम १९३५चं. खुद्द कामोंइशही सोळाव्या शतकात गोव्यात राहून गेलेला.

गोवा मुक्त झाल्यावर, १९६३ साली, संस्थेला लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचं नाव मिळालं. पोर्तुगीज सत्तेवर पोर्तुगीज भाषेतच तुटून पडणारा हा पत्रकार! गामाची पाटी उतरली. त्याच्या सफरीची चित्रं मात्र भिंतींवर तशीच राहिली.

 पणजीला गेलात, तर ही भिंत पाहून या.