शेरा आणि शनी

पायऱ्यांचे आणि माझे कधीच जमले नाही. जेजुरीच्या गडाला नऊ लाख पायऱ्या आहेत असे लहानपणी कोणीतरी सांगितले, ते मी शब्दशः खरे धरले आणि वयाची चाळिशी उलटेपर्यंत खंडोबाला तिष्ठत ठेवले. तेव्हा परवा रात्री जेवणे आटोपल्यावर आमच्या सूनबाई लॅपटॉप पुढ्यात घेऊन "बाबा, सहातल्या तीन पायऱ्या झाल्या, चौथीवर अडकलेय," असे म्हणाल्या, तेव्हा आधी माझे गुडघे दुखले आणि कुतूहल मागाहून जागे झाले.

सूनबाई शाळेत शिकवतात. त्यांच्या शाळेत हल्ली अशी पद्धत आहे, की मोठ्या बाई वर्गात मागच्या बाकावर येऊन बसतात, तास पाहतात आणि जे दिसले ते संगणकावर नोंदवतात. मग ज्यांना पाहिले त्यांनी पायऱ्या चढायच्या. पहिली पायरी, आपण काय शिकवणार होतो ते लिहिणे. दुसरी, तास कसा झाला असे आपल्याला वाटते ते. तिसरी, मोठ्या बाईंचा अभिप्राय उघडून वाचणे. चौथी, त्यावर 'आपले म्हणणे'. पाचवी, आपण कसे सुधारणार. आणि सहावी म्हणजे 'पूर्ण' या शब्दावर बोट ठेवून मोकळे होणे. एक पायरी झाली की तिच्यापुढे हिरवी खूण उमटते आणि मगच पुढचीचे दार उघडते. सत्यनारायणाच्या पोथीतसुद्धा पाचच अध्याय असतात. इथे सहा, आणि शेवटी प्रसाद नाही.

चौथ्या पायरीवर सूनबाईंनी नुसते एक टिंब दिले होते. यंत्राने ते परत केले. किमान पन्नास अक्षरे हवीत म्हणाले.

"लिहून टाकते, 'आपल्या मौलिक सूचनांबद्दल मी आपली मनःपूर्वक आभारी आहे.' म्हणजे सुटले."

"पण मोठ्या बाईंनी लिहिलंय काय?"

"वर्गात गोंगाट होता."

"होता?"

"होता की! मुलांचे गट केले होते, टेप घेऊन वर्गाचं क्षेत्रफळ काढत होती. चाळीस मुलं आणि चार टेपा. गोंगाट नाही होणार तर काय होणार?"

"मग हेच लिही."

"जाऊ दे हो बाबा. कोण वाचतंय!"

त्या 'कोण वाचतंय'वर मात्र मी खुर्ची पुढे ओढली. शेरा या विषयावर बोलण्याचा अधिकार आमच्या घरात कोणाला असेल तर तो मला. छत्तीस वर्षे मी सरकारी कचेरीत काढली. त्यातली पहिली अठरा शेरे खाण्यात गेली आणि उरलेली अठरा शेरे मारण्यात. शिवाय त्याच वेळी पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागले. ते फिरत असताना माणसाला दुसरे काहीच करता येत नाही, असा श्रोता पुन्हा मिळायचा नाही, हे जाणून मी इतिहास सांगायला घेतला.

दुसरा माणूस काम कसा करतो हे पाहायची हौस फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अमात्यांच्या चार परीक्षा दिल्या आहेत : धर्म, अर्थ, काम आणि भय. दर परीक्षेत दुसऱ्याच कोणाला तरी गुपचूप पुढे करून अमात्याला राजाविरुद्ध फितवायचे आणि गडी ढळतो का ते पाहायचे. अर्थात टिकला तो खजिन्याकडे, भयात टिकला तो राजाजवळ, आणि सगळ्यांत नापास झाला तो खाणींवर, जंगलात नाहीतर कारखान्यात. नको असलेल्या माणसाची आडगावी बदली करण्याची कल्पना आपण इंग्रजांकडून घेतली, हा माझा समज ते वाचले त्या दिवशी दूर झाला. मात्र त्या परीक्षेत 'आपले म्हणणे' ही पायरी नाही. आपली परीक्षा चालली आहे हेच जिथे ठाऊक नाही, तिथे म्हणणार काय?

याच्या अगदी उलट केले ते रॉबर्ट ओवेन या गृहस्थाने. १८०० साली तो स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या सूतगिरण्यांचा कारभार पाहू लागला. शिवीगाळ नको, मारहाण नको, असे त्याचे मत. पण गिरणी तर चालली पाहिजे. त्याने दर कामगारापाशी एक लाकडी ठोकळा टांगला. सुमारे दोन इंच लांबीचा, चार बाजू, चार रंग. काळा म्हणजे वाईट, निळा म्हणजे बरा, पिवळा म्हणजे चांगला आणि पांढरा म्हणजे उत्कृष्ट. आदल्या दिवशीचे वर्तन जसे असेल ती बाजू पुढे. ओवेन नुसता फेरी मारायचा. तोंडाने अक्षर नाही. रंगाकडे एकदा पाहायचे, माणसाकडे एकदा पाहायचे आणि पुढे जायचे. या ठोकळ्याला 'मुका पहारेकरी' म्हणत.

"मला मेला एक तसला आणून द्या," आमची ही ओट्यावरून म्हणाली. "तुमच्या कपाटाला टांगीन. काळी बाजू पुढं करून खिळाच ठोकते."

हिच्याकडे मी ओवेनसारखे पाहिले आणि पुढे गेलो. त्या ठोकळ्याची खरी गोष्ट पुढेच आहे. रोजचा रंग वहीत आकड्याने चढवला जाई. पण तो चढण्यापूर्वी, आपल्यावर अन्याय झाला असे ज्याला वाटेल त्याने थेट ओवेनकडे तक्रार करायची मुभा होती. म्हणजे सूनबाईंची चौथी पायरी त्या गिरणीत दोनशे वर्षांपूर्वीच बांधलेली होती. कालच्या साहेबांनी केलेली नवी टूम नव्हे ती.

"मग मधे कुठं गेली?" सूनबाईंनी विचारले. चक्र अजून फिरतच होते.

मधे टेलरसाहेब आले. फ्रेडरिक टेलर, हातात घड्याळ. १८९९ साली अमेरिकेत बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात मजूर लोखंडाच्या बिडी लाद्या गाडीत चढवत. एकेक लादी ब्याण्णव पौंडांची. दिवसाला माणशी साडेबारा टन होत. टेलरने हिशेब केला की सत्तेचाळीस टन व्हायला हवेत. आपल्या पुस्तकात त्याने 'श्मिट' या नावाच्या मजुराची गोष्ट सांगितली आहे. त्याचे खरे नाव हेन्री नोल. शेजारी माणूस उभा : आता उचल, आता चाल, आता बस. श्मिटने सत्तेचाळीस टन चढवले. मजुरी एक डॉलर पंधरा सेंटवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंट झाली. काम पावणेचार पट, दाम दीडपटीहून थोडे जास्त. टेलरने ही गोष्ट बरीच रंगवली होती, असे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. ते मला लगेच पटले. कारण त्या गोष्टीत सगळे म्हणणे टेलरचे आहे, आणि श्मिट जे काही बोलतो तेही टेलरच लिहितो.

वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रकारखान्यातल्या ओतारी कामगारांनी मात्र १९११ साली हे घड्याळ मानले नाही. काम टाकून ते बाहेर पडले. चौकशी बसली, आणि लष्कराच्या कारखान्यांत घड्याळ लावून माणूस मोजायला अमेरिकेच्या काँग्रेसने १९१५ साली मनाई केली. तेही एक 'आपले म्हणणे'च होते. पन्नास अक्षरांत बसले नाही इतकेच.

पुढे शिकागोजवळ हॉथॉर्नच्या टेलिफोन कारखान्यात दिवे कमीजास्त करून पाहिले. उजेड वाढवला, काम वाढले. कमी केला, तरी वाढले. मग १९२७ साली पाच मुली वेगळ्या खोलीत बसवल्या आणि त्यांच्यावर नजर ठेवायला एक माणूस. मधली सुट्टी दिली, काम वाढले. सुट्टी काढून घेतली, तरी काम चढेच. आपल्याकडे कोणी पाहते आहे, आपल्याला विचारते आहे, याच आनंदाने त्या काम करीत, असा निष्कर्ष निघाला. तो पुढे पुष्कळांनी खोडूनही काढला. मला त्यातला एवढाच तपशील पाठ आहे, की पाचातल्या दोघी फार बोलतात म्हणून १९२८च्या जानेवारीत त्यांना बदलून दुसऱ्या बसवल्या.

"म्हणजे तिथंही गोंगाटच!" सूनबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच लॅपटॉपवरची नजर काढून माझ्याकडे पाहू लागल्या.

इथे खरे तर मी थांबायला हवे होते. स्कॉटलंड-अमेरिकेच्या गोष्टी सांगून म्हाताऱ्याने झोपायला जावे. पण तिने विचारले, "आणि तुमच्या कचेरीत हो?"

आमच्या कचेरीत गोपनीय अहवाल असे. गोपनीय म्हणजे ज्याच्याविषयी आहे त्याच्यापासून गोपनीय. बाकी शिपायापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना अंदाज असे. शेरा प्रतिकूल असेल तरच तो कळवायचा, बरा असेल तर कळवायचा नाही. १९८४च्या मार्चअखेरीस अधीक्षक म्हणून चौदा अहवाल माझ्यापुढे होते. दुपारी दोनला बसलो आणि चारच्या चहाला उठलो. आवक-जावक सांभाळणारा एक कनिष्ठ लिपिक होता. शांत माणूस. त्याच्या वहीत एक पत्र कधी हरवले नाही, त्यामुळे त्याच्याकडे पाहायची मला कधी वेळच आली नाही. त्याच्यापुढे मी लिहिले : 'काम समाधानकारक. पुढाकार दिसत नाही.' तीच दोन वाक्ये पुढच्या वर्षीही उतरवली.

ती प्रतिकूल नव्हती, म्हणून त्याला कळवली नाहीत. पण बढतीच्या यादीत 'समाधानकारक'वाला खालीच राहतो. दोनदा त्याचे नाव आले नाही. तो बिचारा ज्योतिषाकडे गेला. साडेसाती निघाली. दर शनिवारी उपास धरला, शनिशिंगणापूरला जाऊन तेल वाहिले, आणि येताना साहेबांसाठी म्हणून माझ्याकरता पेढ्यांचा पुडा आणला. "साहेब, तुमचे आशीर्वाद असू द्यात," म्हणाला.

मी पेढा खाल्ला. चांगला होता. शनी टेबलाच्या अलीकडे बसून पेढा खातो आहे, हे मला त्या क्षणी नीट कळले होते. बोललो मात्र नाही. कागद गोपनीय होता ना!

पुढे २००८ साली देव दत्त नावाच्या एका अभियंत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्याला 'चांगला' असा शेरा होता आणि बढतीला 'फार चांगला' लागत होता. शेरा वाईट नाही म्हणून त्याला कोणी कळवला नव्हता. न्यायालय म्हणाले, कोणताही शेरा असो, तो ज्याचा त्याला कळवा आणि त्याचे म्हणणे ऐका. तोवर तो गृहस्थ निवृत्त झाला होता. २००९ साली केंद्र सरकारने 'गोपनीय' हा शब्दच नावातून काढला आणि अहवाल दाखवायला सुरुवात केली. मग सनदी अधिकाऱ्यांसाठी हे सारे संगणकावर आणले. त्या यंत्रणेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली की 'स्पॅरो' होते, म्हणजे चिमणी. नाव ठेवणाऱ्याला आपल्या चिऊ-काऊची गोष्ट ठाऊक नसावी. दाराशी आलेल्याला 'थांब' म्हणत ताटकळत ठेवण्यात चिमणीचा हात कोणी धरलेला नाही.

आमच्या पडद्यावरचे चक्र मात्र केव्हाच थांबले होते. सूनबाईंनी काही न बोलता लिहायला घेतले. चाळीस मुले, चार टेपा, एका मुलीने खिडकीचा कोनाडा मोजायचा राहिला म्हणून घातलेला वाद, आणि शेवटी सगळ्या गटांचे आलेले जवळजवळ एकच उत्तर. तीनशेवर अक्षरे झाली. चौथ्या पायरीपुढे हिरवी खूण आली. मोठ्या बाई वाचतील की नाही, देव जाणे. पण वाचायचे म्हटले तर आता तिथे काहीतरी आहे.

सूनबाई झोपायला गेल्या. ही ओटा पुसत होती.

"त्या पेढेवाल्याला सांगितलंत कधी, साडेसाती कुणाची होती ते?"

"नाही."

"आहे कुठं तो हल्ली?"

"इथंच की. दोन गल्ल्या सोडून."

"मग जा की एकदा."

जायला काहीच हरकत नाही. येत्या शनिवारीसुद्धा जाता येईल, पेढे घेऊन. अडचण एवढीच, की तो तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्या इमारतीला नुसत्या पायऱ्या आहेत.