पोळ्याचे तोरण : मान, श्रम आणि स्वेच्छा

श्रावण अमावास्येस मराठवाड्यात बैलपोळा साजरा होतो. कयाधू, पूर्णा व पैनगंगा यांच्या खोऱ्यांत वसलेल्या हिंगोली जिल्ह्याच्या खेड्यांतही कृषिजीवनातील हा प्रमुख सण होय. आदल्या दिवशी हळद व तूप लावून बैलांचे खांदे मळले जातात. सणाच्या दिवशी झुली, बाशिंगे व गोंडे यांनी सजविलेले बैल वेशीपाशी किंवा मारुतीच्या देवळासमोर जमतात. तेथे आंब्याच्या पानांचे लांब तोरण ताणलेले असते. मंगलाष्टके म्हटली जातात आणि मग बैल तोरणाखालून पुढे जातात. या सोहळ्याची वर्णने पुष्कळ झाली आहेत; परंतु ते तोरण कोणी गुंफले, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला आहे.

‘तोरण’ या शब्दाचा मूळ अर्थ कमानदार प्रवेशद्वार असा आहे. सांचीच्या स्तूपाची दगडी तोरणे प्रसिद्ध आहेत. कालांतराने दारावरील पानाफुलांच्या माळेसही हीच संज्ञा लाभली. माळ गुंफण्याची गणना कामसूत्रातील चौसष्ट कलांत होते आणि अमरकोशात ‘मालाकार’ व ‘मालिक’ हे पर्याय दिलेले आहेत. म्हणजे प्राचीन काळीच हे कौशल्य कला म्हणून नागरकाकडे व व्यवसाय म्हणून माळ्याकडे असे दोन ठिकाणी विभागलेले दिसते. साहित्य मात्र बदलत गेले. आज तोरणात आंब्याच्या पानांबरोबर सर्रास दिसणारा झेंडू मूळचा मेक्सिकोचा असून युरोपीय सागरी व्यापाराबरोबर तो भारतात आला. तेव्हा ‘पूर्वापार’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तोरणातील हे फूल फार तर चार-पाचशे वर्षांचे आहे.

गावच्या तोरणाचा आधार पानाफुलांपेक्षा दोरात असतो. पाने साध्या धाग्यात ओवता येतात. पण वेशीच्या रुंदीचे तोरण पेलण्यास अंबाडीच्या किंवा केतकीच्या तंतूंचा पिळदार दोर लागे. दोर वळणे हे मातंग समाजाचे, जुन्या कागदांतील ‘मांगां’चे, परंपरागत काम होते. त्यामुळे सणाचे तोरण बांधण्याचे कामही अनेक गावांत त्याच समाजाकडे आले. या कामाची मजुरी वेगळी ठरत नसे. सुगीच्या धान्याचे बलुते व सणाचे अन्न यांत ती अंतर्भूत असे. बलुतेदारीची ही व्यवस्था त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात विस्ताराने आली आहे. तो ग्रंथ ब्रिटिश अमलाखालील मुलखाच्या अनुभवावर आधारलेला असून हिंगोलीचा प्रदेश त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. हे अंतर लक्षात ठेवूनच त्याचा आधार घेतला पाहिजे.

तोरण करणाऱ्याविषयी कागदपत्रे जवळजवळ मूक आहेत. तोरणाखालून प्रथम जाणाऱ्याविषयी मात्र ती बोलकी आहेत. पाटीलकीच्या वतनाची वाटणी करताना होळीची पोळी, टिळा, विडा यांबरोबर पोळ्याचा बैल कोणाचा पुढे चालावा हेही मराठी कागदांत नोंदविले जाई. त्यावरून भाऊबंदांत तंटे होत व निवाडे मागितले जात. याचे कारण उघड आहे. अग्रमान ही वतनाची खूण होती आणि वतन म्हणजे उत्पन्न व अधिकार. मान हा हक्क असल्याने लिहिला गेला; श्रम हे कर्तव्य गणले गेल्याने लिहिले गेले नाही.

युरोपातील एका चालीशी तुलना येथे उद्बोधक ठरते. नाताळपूर्व आठवड्यांत मांडल्या जाणाऱ्या हिरव्या चक्रमालेचा आरंभ सामान्यतः हॅम्बुर्ग येथील निराधार मुलांच्या आश्रमाचे चालक योहान विखर्न यांच्याकडे नेला जातो. त्यांनी १८३९ साली लाकडी चक्रावर मेणबत्त्या लावल्या. हिरव्या फांद्यांची सजावट मागाहून आली. त्या चालीस कर्ता व वर्ष दोन्ही लाभले. पोळ्याच्या तोरणास दोन्ही नाहीत. ते गावाने ‘केले’ असे म्हटले जाते आणि या सामूहिक कर्त्याआड प्रत्यक्ष हात झाकले जातात.

विसाव्या शतकात या व्यवस्थेचा पाया खचला. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते महार वतनासंबंधी होते व निजामाच्या मुलखास लागू होणारे नव्हते. पण गावकीचे काम म्हणजे दास्य, हा विचार सरहद्दीपाशी थांबणारा नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामाची सत्ता संपली. इनामे रद्द करणारा हैदराबादचा कायदा १९५४ चा, तर महसुली पाटलांचे पद रद्द करणारा महाराष्ट्राचा कायदा १९६२ चा आहे. १ मे १९९९ रोजी परभणीपासून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा वतन ही तेथील वृद्धांच्या आठवणीतील गोष्ट उरली होती. पुढे ट्रॅक्टर वाढले आणि बैलांची संख्या रोडावली.

तरीही तोरण टिकले. जेथे गावची तरुण मंडळी वर्गणी काढून, पाने आणून, मिळून ते गुंफतात, तेथे जुन्या वेठीचे रूपांतर स्वेच्छेच्या श्रमात झाले असे म्हणता येते. परंतु हे रूपांतर कायद्याने आपोआप सिद्ध होत नाही. ज्याला नकार देता येतो त्याच्याच श्रमास स्वेच्छा म्हणावे. आणि ज्यात कोणताही हात वर्ज्य नाही त्याच कामास सामुदायिक म्हणावे. काही गावांत दोर वळण्याचे काम जुन्याच घराकडे व अग्रमान जुन्याच घराकडे राहिला असेल, तर तेथे वतन कागदावरून गेले, वेशीवरून गेले नाही, असाच निष्कर्ष निघेल.

म्हणून स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने पोळ्याच्या दिवशी मिरवणुकीच्या वेळी नव्हे, तर सकाळीच गावात पोहोचावे. बैल निघण्यापूर्वी पाने कोण आणतो, दोर कोण वळतो, गाठ कोण मारतो आणि त्याबद्दल त्याला काय मिळते, याची नोंद करावी. वतनाच्या दप्तरात जे लिहिले गेले नाही ते अशाच नोंदींतून हाती येण्याचा संभव आहे, आणि त्या आठवणी सांगणारी पिढी आता थोडीच उरली आहे.