न पुसलेली पाटी : कर्नेलमधील स्मृतिगळतीचा इतिहास

संगणकाच्या परिचालन-प्रणालीचा गाभा, ज्यास 'कर्नेल' म्हणतात, त्याच्या स्मृतीतील जुना मजकूर नकळत बाहेर कसा जातो आणि तो रोखण्याचे उपाय कसकसे घडत गेले, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

दोषाचे मूळ सी भाषेत आहे. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकानुसार स्थिर चलांना आरंभी शून्य मूल्य मिळते. फलनातील स्थानिक चलांस मूल्य न दिल्यास मात्र त्यांचे मूल्य अनिश्चित राहते. त्या जागी आधीच्या कामाचे अवशेष तसेच असतात. शिवाय १ बाइटाचे अक्षर व त्यामागोमाग ८ बाइटांची संख्या अशी रचना ६४-बिट यंत्रावर सामान्यतः १६ बाइट व्यापते. मधले ७ बाइट केवळ मांडणीच्या सोयीचे. प्रोग्रामरने दोन्ही घटक काळजीपूर्वक भरले तरी हे ७ बाइट पुसले जातीलच असे नाही. आणि ती रचना वापरकर्त्याकडे पाठविली की अवशेषही जातात. त्यांत पासवर्डचा तुकडा असेल, किंवा पुढील हल्ल्यास उपयोगी पडणारा कर्नेलमधील पत्ता असेल.

नियम नव्हता असे नाही. ईथरनेटवरील आयपी-वहनासंबंधीच्या १९८४ च्या आरएफसी ८९४ मध्ये, अपुरा मजकूर शून्यांनी भरावा, असे सांगितलेलेच होते. तथापि जानेवारी २००३ मध्ये ओफिर आर्किन व जोश अँडरसन यांनी दाखवून दिले की, अनेक ड्रायव्हर ती जागा जुन्या स्मृतीनेच भरीत होते. हाच 'ईथरलीक' दोष होय. पुढे २०१७-१८ मध्ये मातेउश युर्चिक यांच्या शोधसाधनाने विंडोजच्या कर्नेलमध्ये अशा सत्तरहून अधिक गळती उघडकीस आणल्या.

या इतिहासाचा अर्थ निष्काळजीपणा असा लावण्याचा प्रघात आहे. तो अपुरा वाटतो. त्या ७ बाइटांना प्रोग्रामच्या संहितेत नावच नाही. जे लिहिलेले नाही, ते वाचून तपासणार कसे? संपूर्ण रचना आधी शून्य करणे हा उपाय जुनाच. परंतु तो प्रत्येक ठिकाणी प्रत्येकाने आठवावा लागे.

म्हणून भार माणसावरून यंत्रणेवर गेला. पॅक्स प्रकल्पात जन्मलेली 'स्टॅकलीक' योजना डिसेंबर २०१८ मध्ये लिनक्स ४.२० मध्ये आली. ती प्रत्येक सिस्टिम-कॉलच्या अखेरीस वापरलेला स्टॅक पुसते. सप्टेंबर २०१९ च्या ५.३ आवृत्तीत स्मृती देतानाच शून्य करण्याचा पर्याय आला. पुसण्यास वेळ लागतो, म्हणून हे उपाय ऐच्छिक ठेवण्यात आले. सीने वेगासाठी पाटी न पुसता दिली. त्या सवलतीची किंमत कोणी द्यावी, हाच या इतिहासातील खरा वाद होय.