मोहाच्या फुलांवरचा कायदा

बायांनो, घाटावर नाशिकला द्राक्षांची वाईन होते. आपल्या पावसात द्राक्षवेलीला केवडा गाठतो. इथे दारू मोहाची. १८७८च्या अबकारी कायद्याने ती गाळण्याचा हक्क ठेकेदारांकडे गेला. तरी लोक घरी गाळत, म्हणून १८९२च्या मोह कायद्याने ठाणे-कुलाब्यात फुलं साठवण्यावरच निर्बंध आले. जव्हार तेव्हा संस्थान, पण मोखाडा ठाण्यात होतं.

फुलं तर अन्नही होती! चैत्रात पहाटे वेचायची, वाळवायची, पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की शिजवायची. वेचणाऱ्या बहुतेक बायाच. आज आपण दारूविरुद्ध भांडतो, ते योग्यच. पण त्या सरकारला दारू थांबवायची नव्हती, कर हवा होता, असं आम्हाला वाटतं. फुलांवरची बंधनं राज्याने २०२१मध्ये सैल केली.