‘अनुपयुक्त’ पुस्तकांची यादी

परवा वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक होती. बातमी घ्यायला गेलो. बातमी चार ओळींची, त्यातल्या दोन सत्काराच्या. पण विषयपत्रिकेवर सहावा विषय होता, ‘जीर्ण व अनुपयुक्त ग्रंथांचे निर्लेखन’. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, निर्लेखन म्हणजे दाखल नोंदवहीतून पुस्तक रीतसर कमी करायचं आणि रद्दीवाल्याला द्यायचं. यादी बघायला मागितली. बाबुराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, चंद्रकांत काकोडकर, कुमुदिनी रांगणेकर, बाबा कदम, शिरवळकर, धारप. मागचं एक अख्खं कपाटच यादीत आलेलं.

जीर्ण हे मान्य. काही पुस्तकांना हात लावला तर पानांचा चुरा होतो. पण ‘अनुपयुक्त’ हा शब्द काही डोक्यातून जाईना. आपलं वाचनालय ज्या पुस्तकांच्या वर्गणीवर जगलं, तीच अनुपयुक्त? म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. लांबलंय, पण रविवार आहे, वाचा.

मराठी मुलखातली वाचनालयं जुनी. रत्नागिरीचं १८२८ चं, नगरचं १८३८ चं, नाशिकचं १८४०, पुण्याचं १८४८, कोल्हापूरचं १८५०. तेव्हा त्यांना ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असली नावं असायची आणि येणारे लोक म्हणजे साहेब, कचेरीतले अव्वल कारकून, शाळामास्तर. मराठीत वाचायला होतं तरी काय? पहिली मराठी कादंबरी म्हणतात ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. विधवांच्या दुःखावरचं गंभीर पुस्तक. पण त्यानंतर लोकांनी उचलून धरलं ते काय, तर १८६१ ची ‘मुक्तामाला’, १८६८ ची ‘मंजुघोषा’ आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी सुरस गोष्टी. राजपुत्र, राक्षस, जादू, हरवलेली राजकन्या.

‘मंजुघोषा’चे लेखक नारो सदाशिव रिसबूड यांनी प्रस्तावनेत याचं कारण सरळ सांगून टाकलंय. त्यांचं म्हणणं साधारण असं, की आपल्या लोकांचं रोजचं जगणं इतकं सपक आहे की त्यावर लिहिलं तर त्यात मनोरंजक काही निघणारच नाही. म्हणून अद्भुताकडे वळणं भाग. दीडशे वर्षांपूर्वीच्या लेखकाने वाचकाची नाडी एवढी अचूक ओळखावी याचं मला आजही नवल वाटतं.

यावर उत्तर दिलं हरिभाऊ आपट्यांनी. पण कसं, ते बघा. हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ ही रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रज लेखकाच्या पुस्तकावर बेतलेली. हा रेनॉल्ड्स म्हणजे लंडनच्या गल्ल्यांतली गुन्हेगारी आणि भानगडी रंगवणारा माणूस. तिकडच्या शिष्ट लोकांनी नाक मुरडलं आणि इकडे हिंदुस्थानात त्याची पुस्तकं झपाटल्यासारखी वाचली गेली. त्यातूनच हात बसलेल्या हरिभाऊंनी पुढे ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिली. ती आली ते साप्ताहिक १८९० मध्ये त्यांनीच काढलेलं, आणि त्याचं नाव होतं ‘करमणूक’. आज एम.ए.ला लावतात ती कादंबरी हप्त्याहप्त्याने ‘करमणूक’मध्ये आली होती. मराठीत हलकं वाचन आणि भारी वाचन यांच्यातली भिंत आपण नंतर बांधली. हरिभाऊंच्या घरात ती नव्हती.

पुढे नाथमाधव आले. सिंहगडावरून पडून कमरेखालचं शरीर लुळं झालं, अंथरुणाला खिळले, आणि त्या माणसाने ‘वीरधवल’ लिहिली. आमच्या आजोबांच्या पिढीने रात्री कंदील घेऊन वाचलेलं पुस्तक. ते मी पटकन सोडतो, कारण मला अर्नाळकरांवर यायचंय.

बाबुराव अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६, गेले १९९६ साली. हजारावर रहस्यकथा. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू. ज्यांची साठी उलटली आहे त्यांना ही तीन नावं नुसती सांगून बघा, चेहरा बदलतो. हजारावर पुस्तकं म्हटल्यावर सगळी चांगली असणं शक्यच नाही. बरीचशी एका साच्यातली आहेत. मी स्वतः लागोपाठ पाच वाचली तेव्हा कोण कुठल्या पुस्तकात मेला ते आठवेना. पण एक गोष्ट विसरू नका. गिरणीतला कामगार, एसटीतला कंडक्टर, दुकानातला नोकर, चौथी-पाचवी शिकून शाळा सुटलेला माणूस, यांना अख्खं पुस्तक संपवायची सवय लावली ती या माणसाने. बालभारतीचं पुस्तक सुटल्यावर जे अक्षर विसरलं गेलं असतं ते टिकलं.

आपल्याकडे एसटी स्टँडजवळ एक भाड्याने पुस्तकं देणारं दुकान होतं, अनेकांना आठवत असेल. अनामत ठेवायची आणि पुस्तक न्यायचं. तिथल्या रहस्यकथांचा एक मोठा धोका होता. कोणीतरी दुष्ट माणूस पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहून ठेवायचा, ‘खून मॅनेजरने केला’. मी सहावीत असताना अशा तीन पुस्तकांचं वाटोळं झालेलं मला आठवतंय. त्यातल्या एकात तर लिहिलेलं खोटं होतं. शेवटपर्यंत मॅनेजरवर संशय घेऊन बसलो आणि खुनी निघाला डॉक्टर.

बायकांचं वाचन हा वेगळा विषय आहे, आणि त्यावर फार कमी लिहिलं गेलंय. आमची आत्या सातवीपर्यंत शिकलेली. दुपारी एक ते तीन तिचा वाचायचा वेळ. त्या वेळात घरात कोणी चहा मागितला तर ऐकू यायचं नाही. ती स्वतः वाचनालयात कधी गेली नाही. आळीतली कोणतीच बाई जात नसे. चिठ्ठी घेऊन आम्ही पोरं जायचो. चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, ‘सामाजिक देणे. वाचलेले नको.’ सामाजिक म्हणजे समाजसुधारणा नव्हे हं. सामाजिक म्हणजे घर, लग्न, सासर, प्रेम, गैरसमज. कुमुदिनी रांगणेकर, शकुंतला गोगटे, योगिनी जोगळेकर.

आता ‘वाचलेले नको’ हे पोराला कसं कळणार? त्यात वाचनालयाची पुस्तकं बाइंडरकडे गेली की मुखपृष्ठ जायचं आणि सगळ्यांना एकच मरून कापड लागायचं. नावं तरी किती सारखी! म्हणून बायकांनी उपाय काढला होता. प्रत्येकीचं एक पान ठरलेलं आणि एक खूण ठरलेली. आत्याचं पान २१, वरच्या कोपऱ्यात टिंब. पुस्तक हातात घेतलं की पोराने पान २१ उघडून बघायचं, टिंब असलं तर परत ठेवायचं. कोणाची फुली, कोणाचा स्वस्तिक, कोणाचं नुसतं एक अक्षर. ग्रंथपाल ओरडायचे, पुस्तकं खराब करता म्हणून. तरी खुणा होतच राहिल्या.

परवा यादीतलं एक पुस्तक काढून बघितलं. कुमुदिनी रांगणेकरांची कादंबरी. अकरा खुणा सापडल्या. पान २१ वर टिंबही. आत्याला जाऊन बरीच वर्षं झाली.

काकोडकरांची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ‘अनुपयुक्त’ हे ठरवण्याचा प्रयत्न एकदा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली. अश्लील म्हणून तक्रार झाली, कलम २९२ खाली खटला उभा राहिला. खालच्या कोर्टाने सोडलं. उच्च न्यायालयाने दोषी धरलं, २५ रुपये दंड केला आणि अंकाच्या प्रती नष्ट करायला सांगितलं. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ मध्ये निर्दोष सुटले. निकालातला एक मुद्दा मला फार आवडतो. नुसता लैंगिक उल्लेख आला म्हणून पुस्तक तरुणांसाठी वाईट ठरवायचं तर मग त्यांना धार्मिक ग्रंथांशिवाय दुसरं काही वाचताच येणार नाही, अशा अर्थाचं ते म्हणणं आहे. म्हणजे ज्यांची पुस्तकं गादीखाली लपवून वाचली गेली त्या काकोडकरांमुळे भारतातल्या प्रत्येक लेखकाच्या उपयोगाचा एक निकाल लागला. कायद्याच्या वर्गात तो शिकवतात. आपल्या वाचनालयात त्याच लेखकाच्या पुस्तकांवर ‘अनुपयुक्त’चा शेरा.

योगायोग बघा, याच काळात सरकार वाचनालयांच्या मदतीला आलं. तसा देशातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानाचा, १९४५ चा. महाराष्ट्राचा १९६७ चा, १ मे १९६८ पासून लागू. अ, ब, क, ड असे दर्जे आले, अनुदान आलं, शासनमान्य यादी आली. चांगलंच झालं, गावोगाव वाचनालयं उभी राहिली. आज राज्यात हजारो आहेत. पण मान्य यादीतलं पुस्तक आणि लोकांनी मागितलेलं पुस्तक यांची गाठ क्वचित पडली. आपल्याकडची सत्तर-ऐंशीच्या दशकातली देवघेव रजिस्टरं मी मागे एकदा बघितली होती. पानंच्या पानं गुरुनाथ नाईक, बाबा कदम, शिरवळकर. मधेच ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’, ‘ययाति’. आणि गंमत म्हणजे दोन्ही प्रकार नेणारा मेंबर नंबर बऱ्याचदा एकच. ‘मृत्युंजय’ वाचणारे वेगळे आणि ‘गोलंदाज’ वाचणारे वेगळे, हा आपला समज त्या रजिस्टरांसमोर टिकत नाही.

समितीची बाजूही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. जागा नाही. वाळवी लागली आहे आणि ती शेजारच्या कपाटात जाऊ शकते. तपासणीला लोक आले की फाटकी पुस्तकं बघून शेरा मारतात. ग्रंथपालांचा पगार किती आहे हे मला माहीत आहे, त्यांच्याकडून साडेतीनशे पुस्तकं साफ करून चिकटवून घ्या म्हणणं सोपं आहे. आणि पाच-सात वर्षांत यातलं एकही पुस्तक कोणी नेलेलं नाही, हे त्यांचं म्हणणंही खरं असेल.

पण त्याचं कारण मी सांगतो. मागचं कपाट कुलपात आहे. मागायला पुस्तकाचं नाव माहीत पाहिजे, आणि संगणकावर नोंदी चढवल्या तेव्हा हे कपाट राहूनच गेलं. शिरवळकर २००३ साली गेले, २०१३ मध्ये ‘दुनियादारी’ सिनेमा आला, तेव्हा आपल्याकडे त्या कादंबरीसाठी नंबर लागले होते. ‘तुंबाड’ हिंदी सिनेमा २०१८ मध्ये आला. त्यामागे नारायण धारपांची कथा आहे हे कळल्यावर कॉलेजची दोन पोरं माझ्या ओळखीने वाचनालयात गेली. दाखल नोंदवहीत धारपांची पुस्तकं बरीच होती, निम्म्यांपुढे लाल शाईने ‘बाद’. आधीच्या निर्लेखनात गेलेली. पोरांनी मोबाइलवर कुठूनतरी फोटो काढलेली प्रत मिळवली म्हणे.

यादीला मंजुरी पुढच्या महिन्याच्या सभेत आहे. मी वर्गणी भरलेला सभासद आहे, म्हणून लेखी हरकत दिली आहे. मागणी एवढीच आहे की वाळवीने खाल्लेली जाऊ द्या, पण उरलेल्यांची नावानिशी यादी नोटीस बोर्डावर लावा आणि सभासदांना पंधरा दिवस द्या. अर्जाची पोच अजून मिळालेली नाही.

आणखी एक काम. त्या रांगणेकरांच्या पुस्तकातल्या अकरा खुणांपैकी चार मला ओळखता आल्या. पान ३३ वरचं त्रिकोणातलं टिंब, पान ७ वरचं ‘मा’ आणि पान ५० वरच्या दोन आडव्या रेघा कोणाच्या, ते कळत नाही. वरच्या आळीतल्या लोकांनी घरी आजीला, मावशीला विचारून सांगा.