माधानचे प्रज्ञाचक्षू

वऱ्हाडात देवाला शरण जाण्याची गोष्ट निघाली की पहिले नाव निघते ते रुक्मिणीचे. वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर हे तिचे माहेर. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून श्रीकृष्णाने तिचे हरण केले, असे परंपरा सांगते. मात्र या हरणाला रुक्मिणीची संमती होती, किंबहुना निरोप तिनेच धाडला होता. भावाचा विरोध, ठरलेले लग्न, घराण्याची अब्रू हे सारे बाजूस सारून तिने स्वतःला देऊन टाकले. शरण जाणे आणि हार खाणे यांत अंतर आहे ते इतके. याच प्रांतात हजारो वर्षांनंतर एका अंध पुरुषाने ते अंतर उलगडण्यासाठी आपले अवघे चौतीस वर्षांचे आयुष्य वेचले.

गुलाबराव महाराजांचा जन्म 6 जुलै 1881 रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी या गावी झाला. घराणे माधानच्या मोहोडांचे, जातीने कुणबी. तान्हेपणीच डोळे गेले. मागाहून लवकरच आईही गेली आणि पोर आजीच्या मांडीवर वाढले. शेताशिवाराच्या त्या घरात शास्त्राध्ययनाची परंपरा नव्हती. डोळ्यांना अक्षर दिसणे शक्य नव्हते. दुसऱ्याने वाचावे आणि याने ऐकावे, एवढीच विद्येची वाट. त्या वाटेने हा मुलगा वेदान्त, सांख्य, योग आणि भक्तिशास्त्र यांच्या गाभ्यापर्यंत जाऊन पोहोचला, आणि लोक त्यास प्रज्ञाचक्षू म्हणू लागले.

तो काळ वऱ्हाडाच्या उलाढालीचा होता. अमरावती आणि अकोला येथील कापसाच्या बाजारांत पैसा खेळत होता. दुसरीकडे 1899-1900 च्या दुष्काळाने खेडी उजाड केली होती. 1902 साली निजामाने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांस दिला. शेगाव त्या सुमारास अकोला जिल्ह्यातच मोडत असे. तेथे गजानन महाराजांच्या दर्शनास माणसांची रीघ लागे. त्यांनी ग्रंथ असा एकही लिहिला नाही. गुलाबरावांनी मराठी, हिंदी आणि संस्कृत मिळून शंभराहून अधिक ग्रंथ सांगितले. एकाच मातीत, एकाच पिढीत ही दोन टोके असावीत, हे नवलच.

त्यांच्यापुढचा प्रश्न मात्र जुना होता. शरण जायचे ते कोणी आणि कोणाला? दक्षिणेत रामानुजांच्या अनुयायांत याच प्रश्नावरून दोन पंथ पडले. एकाचे म्हणणे, जीवाने माकडिणीच्या पिलाप्रमाणे आईला घट्ट धरून राहावे. दुसऱ्याचे म्हणणे, मांजरीच्या पिलाप्रमाणे अंग सैल सोडावे, आई मानगुटीस धरून नेईल तिकडे जावे. पण दोन्ही दृष्टांतांत आई वेगळी आणि पिलू वेगळे. अद्वैती माणसाची अडचण याहून बिकट. देवाहून आपण निराळे नाही असे एकदा ठरले, की हात जोडायचे कोणापुढे? गीतेच्या अठराव्या अध्यायातील शरणागतीचा श्लोक उलगडताना ज्ञानेश्वरांनी, भेद न उरता देवाचे एकपण जाणणे यालाच शरण येणे म्हटले आहे. अर्थ थोर खरा. परंतु तेथे प्रेमाला जागा कोठे राहिली, असा प्रश्न एखाद्या भाविकाच्या मनात उठावा.

गुलाबरावांनी या प्रश्नाचे उत्तर ज्ञानेश्वरांपाशीच शोधले. 1901 साली, ऐन विशीत, ज्ञानेश्वरांनी आपणास मांडीवर घेऊन स्वनामाचा मंत्र दिला, असा त्यांचा अनुभव होता. तेव्हापासून ते स्वतःस ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले. अमृतानुभवात एकच डोंगर कोरून देव, देऊळ आणि भक्तपरिवार घडविल्याचा दृष्टांत आहे. दगड एकच, तरीही समोर देव आहे आणि भक्तही आहे. गुलाबरावांच्या मधुराद्वैताची बैठक हीच. ज्ञानाने भेद जावा, आणि गेल्यानंतर केवळ प्रेमाच्या सुखासाठी तो पुन्हा पत्करावा. अज्ञानातले दोनपण बांधते. जाणून घेतलेले दोनपण बांधीत नाही. भल्याभल्या वेदान्त्याचा शेवटचा हट्ट ‘मी ब्रह्म आहे’ या ज्ञानाशीच अडून बसतो. तो हट्टही देवाच्या पायी ठेवावा, असे त्यांच्या उपासनेचे सांगणे होते.

आणि ते नुसते सांगणे नव्हते. 1905 साली त्यांनी कात्यायनी व्रत आचरले आणि श्रीकृष्णाची पत्नी या नात्याने कुंकू व मंगळसूत्र धारण केले. पुरुषाने, तेही पाटीलकीच्या गावगाड्यात राहून, असे करावे! थट्टा झाली नसती तरच नवल. देह, जात, पुरुषपणा यांना धरून माणूस ज्या अभिमानाने जगतो, तो उतरवून ठेवण्याचा हा उघड मार्ग होता. मात्र त्यांचा विवाह 1896 मध्ये मनकर्णिकाबाईंशी झाला होता, हे येथे विसरता येत नाही. पती स्वतःस कृष्णाची पत्नी मानू लागल्यावर त्या माउलीस काय सोडावे लागले असेल? शरणागतीची चरित्रे लिहिणारे या दाराशी फार वेळ थांबत नाहीत, थांबावयास हवे.

शरण जाणारा माणूस बुद्धी गहाण टाकतो, असा सुशिक्षितांचा समज असतो. गुलाबरावांच्या बाबतीत तो साफ खोटा ठरतो. डार्विन आणि स्पेन्सर यांची मते त्यांनी वाचून घेतली, आणि मग त्यांशी वाद घातला. आर्य बाहेरून आले या मतासही त्यांनी विरोध केला. त्यांचे सगळेच युक्तिवाद आजच्या शास्त्रापुढे टिकतील असे नाही; उत्क्रांतीच्या बाबतीत तर नाहीतच. परंतु प्रतिपक्ष समजून घेतल्याविना खोडावयाचा नाही, ही शिस्त त्या माधानच्या अंध तरुणाने पाळली. माणसांशी अखंड वाद आणि देवाशी काडीचाही वाद नाही, अशी ही जोडी.

20 सप्टेंबर 1915 रोजी पुण्यात त्यांचा देह पडला. मागे उरलेल्या ग्रंथांच्या राशी आणि संप्रदाय यांची धुरा बाबाजी महाराज पंडित यांनी वाहिली. सांगणारा कुणबी, आणि त्याच्या शब्दांपुढे मस्तक नमविणारा शिष्य ब्राह्मण पंडित.