जालन्याहून पट्ट्याला कोणत्या वाटेने?

१६७९च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांच्या फौजेने जालनापूर लुटले. परतताना रणमस्तखानाने गाठले, लढाईत सिधोजी निंबाळकर पडले, आणि बहिर्जी नाईकांनी आडवाटेने महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेले. महाराजांनी तिथे विसावा घेतला म्हणून पट्ट्याचा विश्रामगड झाला. एवढे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ती आडवाट नेमकी कोणती, हे मात्र कोणतीच बखर सांगत नाही. सांगणार तरी कशी? जी वाट शत्रूला कळू नये म्हणून निवडली, ती टिपून घ्यायला सोबत कारकून कोण नेतो?

तरीही ही वाट शोधणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातले बहुतेक पेशाने इतिहासकार नाहीत. शिक्षक, किल्ले हिंडणारी तरुण मंडळी, पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंते, जुन्या नकाशांचे वेडे असा हा गोतावळा आहे. त्यात नव्याने येणाऱ्यांसाठी हे चार शब्द.

हा छंद फक्त आपलाच नाही. अमेरिकेत २००१ साली सुरू झालेल्या ‘द अमेझिंग रेस’ या प्रवासस्पर्धेचे चाहते कार्यक्रम दाखवला जाण्याआधीच स्पर्धकांचा गुप्त मार्ग जुळवत बसतात. विमानतळावर कुणाला दिसलेली जोडी, जाहिरातीत क्षणभर चमकलेली दुकानाची पाटी, सावलीची दिशा एवढ्यावर देश ओळखतात, शहर ओळखतात. त्यांची नजर आपल्या अभ्यासकांनी जरूर उचलावी. पण त्यांची एक चैन आपल्याला नाही. कार्यक्रम प्रसारित झाला की त्यांचे चूक-बरोबर ठरते. बहिर्जींच्या वाटेचा भाग कधीच प्रसारित होणार नाही. म्हणून आपल्याकडे उत्तराइतकेच त्या उत्तराविरुद्धचे पुरावेही लिहून ठेवावे लागतात.

सुरुवात साध्या बेरजेने करावी. हल्ला नोव्हेंबरच्या मध्यावर झाला आणि महाराज २२ नोव्हेंबरला पट्ट्यावर पोहोचले, असे सामान्यतः मानले जाते. लूट चार दिवस चालली, लढाई तीन दिवस झाली, मग तीन दिवस नि तीन रात्री वाटचाल, असेही आपण वाचतो. हे दहा दिवस झाले. शिवाय लढाई संगमनेरजवळ झाली असे बहुतेक पुस्तके म्हणतात, म्हणजे जालन्याहून तिथवरचे पावणेदोनशे किलोमीटर याच हिशेबात बसवायचे, तेही लुटीने लादलेल्या जनावरांसह. बसत नाही. मग एक तर कथनातला ‘तीन’ हा सांगण्याच्या ओघात आलेला आकडा आहे, किंवा लढाई आणि माघार एकाच वेळी चालू होती, किंवा पहिली चकमक संगमनेरच्या बरीच पूर्वेला झाली. मला दुसरी शक्यता अधिक पटते. मागची तुकडी लढत राहते, पुढची चालत राहते, आणि सांगणाऱ्याच्या तोंडी दोन्हींचे दिवस वेगवेगळे मोजले जातात. सभासदाने बखर लिहिली ती घटनेनंतर पंधरा-एक वर्षांनी, दूर जिंजीला. त्याच्याकडून घड्याळाची अपेक्षा करू नये.

आता नकाशा. जालना आणि पट्टा जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. सरळ रेषेत अंतर सुमारे २२० किलोमीटर. दोघांमध्ये पट्टी ठेवली तर रेघ जाते ती औरंगाबादला खेटून, आणि तिथे तर दख्खनचा सुभेदार शहजादा मुअज्जम बसलेला. सरळ वाट तिथेच बाद होते. दुसरी अडचण गोदावरीची. जालना नदीच्या उत्तरेला, संगमनेर आणि पट्टा दक्षिणेला. नदी कुठेतरी ओलांडावीच लागणार, आणि पावसाळा सरून फार दिवस न झालेल्या गोदावरीला घोडदळ वाटेल तिथे उतरत नाही. त्यामुळे सगळा प्रश्न दोन-चार उतारांवर येऊन ठेपतो. कायगाव टोक्याचा उतार सोयीचा, पण तो औरंगाबाद-अहमदनगर रस्त्यावरचा, म्हणजे पाहऱ्यातला. पैठणचा त्याहून आडबाजूला. अंबडवरून खाली उतरून शहागडला नदी ओलांडली तर वळसा मोठा पडतो, पण औरंगाबाद पार मागे राहते. माझा कल या दक्षिणेकडच्या उतारांकडे आहे. मात्र वळसा जितका मोठा तितकी वरची बेरीज आणखी बिघडते, हा आक्षेप खरा आहे, आणि मला तो अजून सोडवता आलेला नाही.

नवख्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. पैठणच्या जायकवाडी धरणाचे उद्घाटन १९७६ साली झाले. नाथसागराचा फुगवटा पार कायगाव टोक्यापर्यंत जातो, त्यामुळे मधले जुने उतार आज पाण्याखाली आहेत. नदीकाठी उभे राहून इथून उतरता आले असते की नाही, हे डोळ्यांनी ठरवू पाहणे व्यर्थ. धरणापूर्वीचे सर्व्हे ऑफ इंडियाचे एक इंचाला एक मैल प्रमाणाचे नकाशे मिळवावेत. त्यांवर उतार दाखवलेले असतात.

उतार कसा ओळखावा, याचा उत्तम धडा जालना जिल्ह्यातच आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईजवळ आर्थर वेलस्लीसमोर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज उभी होती, मध्ये केळणा नदी. वाटाड्यांनी सांगितले, इथे उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले तर दोन काठांवर दोन गावे अगदी समोरासमोर वसलेली. त्याने ताडले, की येण्याजाण्याची सोय नसती तर माणसांनी अशी गावे वसवली नसती. उतार निघाला, फौज पार झाली आणि लढाई त्याने जिंकली. ही हकिकत पुढे त्यानेच सांगितली, तेव्हा स्वतःच्या हुशारीवर थोडा मुलामा चढवला असेलही. पण तर्क पक्का आहे. समोरासमोरची गावे, नदीकडे निमुळत्या होत जाणाऱ्या गाडीवाटा, काठावरचे देऊळ, बाजाराचा वार हे सगळे उताराचे साक्षीदार असतात, आणि ते कुणा बखरकाराच्या मर्जीवर अवलंबून नसतात.

तारखेने वाट कशी बदलते, हे आग्र्याच्या सुटकेवरून समजते. महाराज १७ ऑगस्ट १६६६ला निसटले हे बहुतेकांना मान्य. राजगडावर पोहोचले ते १२ सप्टेंबरला की २० नोव्हेंबरला, यावर वाद आहे. पहिली तारीख धरली तर हाती सव्वीस दिवस उरतात आणि वाट बऱ्यापैकी थेटच असावी लागते. दुसरी धरली तर काशी-प्रयागाच्या साऱ्या कथांना जागा मिळते. नकाशावर रेघ ओढण्याआधी जो अभ्यासक आपण कोणती तारीख धरली ते सांगत नाही, त्याची रेघ कितीही देखणी असो, ती बाजूला ठेवावी. पन्हाळा ते विशाळगड या वाटेचे तसे नाही. तिथे दोन टोके जवळ आहेत, मधे मसाई पठार आणि पांढरपाणी आहे, दर पावसाळ्यात शेकडो लोक ती चालतात. वाद उरतो तो बारीकसारीक.

स्थानिक आठवणींबद्दल थोडे. त्या हसण्यावारी नेऊ नयेत, पण त्यांचे वय तपासावे. जालन्यातला मस्तगड पाहून १६७९च्या हल्ल्याचे चित्र रंगवायला घेतले तर फसगत होईल, कारण तो किल्ला १७२५चा, निजामाच्या काळातला. जान महंमद या साधुपुरुषाच्या आश्रयाला गेलेल्या व्यापाऱ्यांना लुटले, त्याने शाप दिला आणि त्या शापाने महाराजांचा अंत झाला, असे मुघल इतिहासकार खाफीखान लिहितो. शाप वाटशोधकाच्या कामाचा नाही, पण व्यापारी कोणत्या बाजूला पळाले आणि फौज शहरात कुठून शिरली, हे त्या गोष्टीतून निघू शकते. कथेत वगळण्याजोगा वाटणारा तपशील बहुतेक वेळा असाच उपयोगी पडतो.

पट्ट्याच्या बाजूनेही काम व्हायला हवे. आजवर बहुतेकांनी जालन्याहून निघून वाट शोधली. शेवटाकडून उलटे यायला कमी जण तयार होतात. संगमनेरला प्रवरेत मिळणारी म्हाळुंगी नदी पट्ट्याच्याच डोंगरातून येते. तिचे खोरे धरून वर जाणे सर्वांत सोपे, म्हणूनच पाठलाग करणाऱ्यालाही पहिल्यांदा तेच सुचणार. बहिर्जींनी ते टाळले असेल तर पलीकडे सिन्नरच्या अंगाने चढण घेतली असेल, किंवा अकोल्याच्या बाजूच्या आढळा खोऱ्यातून. दोन्हीकडची जुनी पाणवठ्यांची नोंद अजून एकत्र झालेली नाही. हजारो घोड्यांना रोज पाणी लागते आणि ते अंधारात सापडावे लागते. कार्तिकात कोणत्या ओढ्याला किती पाणी असते, हे तिथल्या मेंढपाळांना विचारून, तारीख घालून लिहून काढायचे आहे. ज्यांना या कामात उतरायचे आहे त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. पुस्तके नंतरही वाचता येतील.